नकाशाचा रंग कुणाच्या घरचा?

नकाशा म्हटलं की मुलांच्या भूगोलाच्या पुस्तकातल्या नद्या आणि डोंगर आठवतात. पण जनगणनेचे आकडे रंगांत भरलेला नकाशा निराळा असतो. तो वाचायला भूगोल लागत नाही. साडीचा फिका-गडद रंग कळतो ना, मग पुरे!

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वयाच्या दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. १९९१ साली त्या ९४६ होत्या, २००१ साली ९१३. हे वाचून आपण ‘अरेरे’ म्हणतो आणि पान उलटतो. आता हेच जिल्हावार रंगवा. मुली जितक्या कमी, तितका रंग गडद. जंगलातला, गरीब गडचिरोली फिकट राहतो, ९६१. बीड सगळ्यांत गडद, ८०७. आणि पाण्या-पैशानं सुखी कोल्हापूर? २००१ मध्येच ८३९! मग गरिबी आणि अडाणीपणाला बोल लावायची सोय राहते कुठे? दुष्काळी बीड आणि उसाचं कोल्हापूर यांत सारखं काय, तर मुलगाच हवा हा हट्ट आणि तो पुरवणारी सोनोग्राफी.

कोल्हापुरात २००९ पासून जिल्हा प्रशासनानं सोनोग्राफी यंत्रांवर नजर ठेवणारी ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ यंत्रणा बसवायला सुरुवात केली. २०११ मध्ये तिथला आकडा ८६३ झाला. हे एकट्या यंत्रणेचं श्रेय नव्हे. पण गडद रंग दिसला म्हणूनच जिल्हा हलला.

आता आपल्याकडे या. पुणे जिल्हा २००१ मध्ये ९०२ वर होता, २०११ मध्ये ८८३ वर घसरला. या एकाच रंगात हिंजवडीच्या इमारती, भोरच्या डोंगरातल्या वाड्या आणि आपलं तळेगाव ढमढेरेही बसवलंय. शिरूरला घोड नदी ओलांडली की नगर जिल्हा, ८५२. नकाशावर रंग बदलतो, पण सोयरिकी दोन्ही काठांवर होतात, विचारही तेच. शिवाय मुली कुठे कमी झाल्या ते नकाशा दाखवतो, चाचणी कुठे झाली ते दाखवत नाही. गाडी करून दुसऱ्या जिल्ह्यात जाणाऱ्यांचा रंग त्यांच्याच गावाला लागतो.

२०२१ ची जनगणना कोविडमुळे लांबली, ती आता २०२७ ची म्हणून होते आहे. तोवर जुनाच नकाशा हाती. २००१ मध्ये मोजलेली मुलं आज पंचविशी-तिशीत आहेत. ‘मुलाला मुलगी मिळत नाही’ ही ओट्यावरची तक्रार त्या नकाशात तेव्हाच लिहिलेली होती.

मैत्रिणींनो, सरकारी नकाशाची वाट कशाला बघायची? बचत गटाच्या बैठकीत रांगोळीनं गावाचा नकाशा काढा. अंगणवाडीताईंकडून वाडीवार आकडे घ्या. एका वर्षाचे नकोत, पाच वर्षांचे घ्या. एका वर्षात जन्मच थोडे, त्यावरून काही ठरत नाही. कुणाच्या घरावर मात्र खूण करू नका. आपल्याला बाईला बदनाम करायचं नाही. तिच्यावर मुलाची सक्ती करणाऱ्यांना महिला ग्रामसभेत जाब विचारायचा आहे.

रांगोळीत रंग भरायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. यंदा तो मुलींच्या हिशेबानं भरू या.