श्वानाचे मानधन आणि मालकाचे उत्तरदायित्व



घरातील कुत्रा देखणा असला आणि सांगितलेले चार शब्द ऐकत असला, की 'याला जाहिरातीत द्या' असा सल्ला कोणीतरी देतोच. जाहिराती आणि मालिका यांचा पसारा वाढल्यापासून हा सल्ला काही कुटुंबांतून गांभीर्याने घेतला जाऊ लागला आहे. आपण व्यवहार जाणणारी मंडळी; तेव्हा होकार देण्यापूर्वी या व्यवहाराच्या दोन्ही बाजू तपासून पाहणे उचित ठरेल.

प्रथम एक जुनी हकीकत. अमेरिकेत १९४० साली जन्मलेला 'पाल' नावाचा कोली जातीचा कुत्रा फार भुंके आणि मोटारसायकलींच्या मागे धावे. ही खोड मोडण्यासाठी मालकाने त्याला रड वेदरवॅक्स या प्रशिक्षकाकडे सोपविले. भुंकणे आटोक्यात आले, परंतु मोटारसायकलींचे वेड काही सुटेना. निराश मालकाने शुल्काच्या येणे रकमेपोटी कुत्राच प्रशिक्षकाला देऊन टाकला. तोच पाल १९४३ च्या 'लॅसी कम होम' या चित्रपटामुळे विख्यात झाला, आणि तोही, नर असून, मादीच्या भूमिकेत! प्रत्येक खोड मोडावीच लागते असे नाही. प्राण्याच्या स्वभावात काय आहे हे ओळखणारा माणूस मात्र लागतो.

चित्रीकरणासाठी 'बस', 'थांब', 'ये' एवढे शिक्षण पुरेसे नसते. संवादांचे ध्वनिमुद्रण चालू असताना मालकाला हाक मारता येत नाही. म्हणून दुरून केलेली हाताची खूण कुत्र्याला समजली पाहिजे. नेमलेल्या जागी जाऊन थांबणे हे लहानशा चटईच्या साहाय्याने शिकविता येते. प्रखर दिवे, क्लॅपचा आवाज, डोक्यावर लोंबणारा माईक आणि अनोळखी माणसांची वर्दळ यांचा परिचय टप्प्याटप्प्याने करून द्यावा. धडा पाच-दहा मिनिटांचाच असावा, बक्षीस तत्काळ मिळावे आणि मार कधीही नसावा. माराने शिकलेला कुत्रा आज्ञा पाळतो, परंतु शेपूट पायांत घालून. आणि ते कॅमेऱ्यापुढे लपत नाही. २०२२ साली प्रदर्शित झालेल्या '७७७ चार्ली' या कन्नड चित्रपटातील लॅब्राडॉरचे काम आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. त्या चित्रपटाचे चित्रीकरण काही वर्षे चालले होते. घाईचे हे काम नव्हे.

आता कायद्याची बाजू. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे आणि त्याखालील प्रयोगक्षम प्राण्यांच्या नोंदणीचे नियम २००१ चे आहेत. त्यांनुसार भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. चित्रपटासाठी प्राणी देताना त्याचे वय, प्रकृती, कामाचे स्वरूप व कालावधी यांची माहिती आधी कळवावी लागते आणि पशुवैद्याचे प्रमाणपत्र जोडावे लागते. त्याच्या नैसर्गिक प्रवृत्तीला धरूनच काम घ्यावे, आजारी वा जखमी प्राण्याला कामाला लावू नये, गुंगीची औषधे देऊ नयेत, आगीजवळ नेऊ नये, असा या नियमांचा आशय आहे. 'नोंदणी नंतर पाहू' असे कोणी म्हणाल्यास तो प्रस्ताव तेथेच थांबवावा.

आहाराविषयीही दक्षता हवी. सेटवर कौतुकाने कोणी चॉकलेट वा मनुका भरवितो. दोन्ही कुत्र्याला घातक आहेत. कांदा-लसूण आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी नसतोच, परंतु सेटवरील जेवणात असतो, आणि तोही त्याला अपायकारक ठरतो. त्याचे अन्न व पाणी घरूनच न्यावे.

राहिला हिशेब. हे उत्पन्न अनियमित असते, तर लसीकरण, प्रशिक्षण आणि प्रवास यांचा खर्च नियमित असतो. म्हणून या मिळकतीच्या भरवशावर कोणताही हप्ता काढू नये. करार लेखी करावा; कामाचे तास, विश्रांतीची जागा आणि इजा झाल्यास उपचारखर्च कोणी सोसायचा हे त्यात स्पष्ट लिहून घ्यावे. एक कलम मी आग्रहाने सुचवीन : कुत्रा थकला वा घाबरला असे मालकाला वाटल्यास काम थांबविण्याचा अधिकार मालकाचा राहील, आणि त्याबद्दल दंड आकारला जाणार नाही. एवढ्या एका कलमासाठी काम हातचे गेले, तरी ते जाऊ द्यावे.

करारावर सही आपली असते, कष्ट मात्र त्याचे असतात. त्याला नकार बोलून दाखविता येत नाही. झोप आलेली नसताना जांभया देणे, वारंवार ओठ चाटणे, तोंड फिरविणे, अंग आक्रसून घेणे अशा खुणांनीच तो सांगत असतो. मानधनाचा आकडा ठरविण्यापूर्वी या खुणा ओळखण्यास घरातील प्रत्येकाने, विशेषतः मुलांनी, शिकावे. त्या दिसूनही ज्याला चित्रीकरण थांबविण्याचे धैर्य होणार नाही, त्याने आपला कुत्रा घरीच ठेवावा. तेथे तो कोणत्याही मानधनाविना सुखी असतो.