मुष्टिफंड ते मोबाईल

अमेरिकेच्या काँग्रेसने २०२५ च्या जुलैमध्ये तेथील सार्वजनिक दूरचित्रवाणी व नभोवाणी यांचे दोन वर्षांचे सुमारे एक अब्ज दहा कोटी डॉलरांचे अनुदान काढून घेतले. त्याच्याशी साताऱ्याचा संबंध काय, असे काही वाचक विचारतील. संबंध आहे, आणि तो जुना आहे.

त्या देशातील केंद्रे गेली कित्येक दशके कार्यक्रम मध्येच थांबवून प्रेक्षकांकडे वर्गणी मागत आली. आरंभी स्टुडिओत स्वयंसेवक दूरध्वनी घेऊन बसत आणि देणाऱ्यास एखादी पिशवी वा पेला भेट मिळे. पुढे दरमहा बँकेतून रक्कम आपोआप वळती होऊ लागली आणि वर्गणीदारांस कार्यक्रम हवे तेव्हा पाहण्याची सवलत मिळाली. देणगीदाराचा असा हळूहळू ग्राहक झाला. तथापि, अनुदान गेल्यावर आज त्या केंद्रांना आधार आहे तो याच लहान वर्गणीदारांचा. आपले दूरदर्शन सरकारच्या पैशावर वाढले. टपाल कचेरीत भरावयाचे परवाना-शुल्कही १९८० च्या दशकात रद्द झाले. त्यामुळे दूरचित्रवाणीसाठी पदर पसरणे आम्हांस कधी ठाऊक झाले नाही.

परंतु वर्गणी कशी मागावी हे सातारकरांस कोणी परक्याने शिकविण्याचे कारण नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली व १९२४ मध्ये ती साताऱ्यास आणली. वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, हे सर्वश्रुत आहे. मुष्टिफंडाची आठवण मात्र त्या मानाने कमी निघते. घरातील बाईने रांधताना मूठभर ज्वारी वा बाजरी बाजूस काढावी आणि ती गोळा होऊन वसतिगृहाच्या कोठारात जावी, एवढीच ती योजना. मूठ देणारीस पावती नव्हती, भेटवस्तू नव्हती; पण त्या धान्यावर कोणाची मुले जेवतात हे तिला माहीत होते. जे घर रोज मूठभर देते, ते त्या शाळेचे काय चालले आहे याची चौकशीही करते. गांधीजींच्या हत्येनंतर मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान रोखले, तेव्हा संस्था मोडली नाही याचे इंगित आम्हांस या चौकशीत दिसते. अनुदान पुढे पूर्ववत झाले, हा भाग निराळा.

दूरचित्रवाणीलाही या मुलखात असे आवाहन करता आले. २०१६ च्या पाणलोट स्पर्धेत कोरेगाव तालुक्यातील वेळू गावाने पहिला क्रमांक मिळविला. त्या चळवळीच्या कार्यक्रमांनी पडद्यावरून पैशाऐवजी श्रमदान मागितले आणि शहरी माणसेही कुदळ-फावडे घेऊन शिवारात उतरली.

आता आवाहन मोबाईलवर येते. आजारी बालकाचे छायाचित्र, खाली चौकटीतील खुणांचे चित्र. बोट लावले की रक्कम गेली. त्वरेने मदत पोहोचते हे आम्ही नाकारीत नाही. पण ती कोणास पोहोचली, मध्यस्थाने किती ठेवून घेतले, हे विचारण्याची सवय सुटली आहे. दुसरीकडे २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांस नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करणे बंधनकारक केल्यापासून संस्थाचालकांची पावले गावापेक्षा कंपनीच्या कचेरीकडे अधिक वळू लागली. तो पैसा घेऊ नये असे आमचे म्हणणे नाही. मात्र कंपनीच्या संचालकांनी उद्या दुसरा विषय निवडला, तर शाळेच्या पाठीशी कोण उरेल?

सार्वजनिक न्यासांनी धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब सादर करावा असा कायदा १९५० पासून आहे. सातारा-सांगलीतील ज्या शिक्षणसंस्था व ग्रंथालये मोबाईलवरून वर्गणी मागतात, त्यांनी तोच हिशेब दर तिमाहीस मराठीत, संस्थेच्या दारावरील फलकावर लावावा. शंभर रुपये देणाऱ्याचे नावही लाख देणाऱ्याच्या यादीतच असावे. आणि आमच्या वाचकांनी गावातील एक संस्था निवडून तीस दरमहा, लहान का होईना, रक्कम द्यावी व वर्षातून एकदा तेथे जाऊन तो फलक वाचावा.