राखाडी चित्रामागचे आकडे

जेवता जेवता एखाद्याचा हात लुळा पडतो, तोंड वाकडे होते, बोलणे अडखळते. घरची मंडळी धावतपळत रुग्णालय गाठतात, तर डॉक्टर आधी सी. टी. स्कॅन करायला सांगतात. 'अहो, आधी औषध तरी द्या!' नातेवाईक काकुळतीला येतात. मग डॉक्टर का थांबतात?

कारण पक्षाघात दोन प्रकारे होतो. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते किंवा रक्तवाहिनी फुटून रक्तस्राव होतो. बाहेरून लक्षणे सारखीच दिसतात, उपचार मात्र अगदी उलट. गुठळी विरघळवणारे औषध रक्तस्रावाच्या रुग्णाला दिले, तर ते जिवावर बेतू शकते.

हा फरक आकडे सांगतात. सी. टी. यंत्र चहूबाजूंनी क्ष-किरण सोडते. शरीरातील प्रत्येक बिंदूपाशी किती किरण अडले याचा हिशेब संगणक करतो आणि पाण्याशी तुलना करून त्या बिंदूला आकडा देतो. पाणी ०, हवा उणे १०००, चरबी साधारण उणे १००, मेंदू २० ते ४०, ताजे गोठलेले रक्त ५० ते ८०, तर टणक हाड १००० किंवा त्याहूनही अधिक. आकडा जितका मोठा, तितका ठिपका पांढरा. म्हणूनच राखाडी मेंदूत ताजा रक्तस्राव पांढरा उठून दिसतो.

या एककाला हाऊन्सफील्ड म्हणतात. गाण्यांच्या तबकड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या ईएमआय कंपनीतील अभियंते गॉडफ्रे हाऊन्सफील्ड यांच्या यंत्रावर १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन झाला. १९७९ मध्ये त्यांना अ‍ॅलन कॉरमॅक यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. गुठळीमुळे उपासमार झालेला मेंदूचा भाग पहिले काही तास स्कॅनमध्ये नेहमीसारखाच दिसू शकतो. तेव्हा 'स्कॅन चांगला आहे' म्हणून रुग्णाला घरी नेण्याची घाई करू नका. रक्तस्राव नाही, एवढे कळले तरी डॉक्टरांचा मार्ग मोकळा होतो.

गुठळीचे औषध साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. म्हणून त्रास किती वाजता सुरू झाला, ते घड्याळात पाहून लिहून ठेवा. घरच्या घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नका. जिथे सी. टी. स्कॅनची सोय आहे, अशाच रुग्णालयात रुग्णाला थेट न्या.