पोस्त आणि पगार

दिवाळी जवळ आली, की शहरातला मध्यमवर्गीय गृहस्थ चार दिवसांपुरता मालक होतो. एरवी तो स्वतःच कुणाचा तरी नोकर असतो. साहेबांच्या कपाळावरच्या आठ्या मोजतो आणि यंदा बोनस किती, याची कुजबूज करतो. पण वसुबारस उजाडली, की त्याच्याही दाराशी एकेक जण येऊन उभा राहू लागतो. भांडी घासणाऱ्या बाई, जिना झाडणारा, रखवालदार, पेपर टाकणारा पोरगा, इस्त्रीवाला. कुणी तोंडाने पोस्त मागतो, कुणी नुसता हसतो. गृहस्थ पाकीट काढतो, नोटा चाचपतो, एक आत सरकवतो, एक बाहेर काढतो आणि देतो. देताना त्याला बरे वाटते. वाटावेच. हाताने दिलेले कधी वाया जात नाही, असे आपल्याकडची वडीलमाणसे सांगत आली आहेत.

मला आज बोलायचे आहे ते या पोस्तीच्या सख्ख्या शेजाऱ्याविषयी, म्हणजे पगाराविषयी. पोस्त ही देणाऱ्याच्या मर्जीवर असते. पगार मर्जीवर नसतो. तो केलेल्या कामाचे देणे असतो. हे कळायला सोपे आहे, पण व्यवहारात या दोहोंची सरमिसळ आपण इतकी करून ठेवली आहे, की ती सोडवायला दर पिढीत एखादा कायदा करावा लागतो.

बोनसचेच पाहा. मुंबईच्या गिरण्यांत पहिल्या महायुद्धाच्या काळात महागाई भडकली, तेव्हा मालकांनी कामगारांना जादा रक्कम द्यायला सुरुवात केली. ती मालकांच्या लेखी खुशीची होती. १९२४ साली बोनस मिळेना, तेव्हा गिरण्यांत मोठा संप झाला. चौकशी समिती बसली आणि तिने सांगितले, की बोनसवर कामगारांचा कायदेशीर हक्क सिद्ध होत नाही. म्हणजे ती पोस्तच होती! पुढे १९५० साली मुंबईच्या गिरण्यांच्याच तंट्यात बोनस कसा मोजावा याचे सूत्र ठरले आणि १९६५ साली बोनसचा कायदा झाला. आज ज्यांना तो लागू आहे त्यांचा किमान बोनस ८.३३ टक्के, म्हणजे बारा महिन्यांच्या पगारावर तेरावा महिना. खुशीचा हक्क व्हायला जवळजवळ अर्धे शतक लागले.

रविवारच्या सुटीची कथाही निराळी नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि आठवड्याला एक दिवस सुटी मागितली. ती १८९० साली मिळाली. आज रविवारी दहा वाजेपर्यंत लोळत पडणाऱ्या किती जणांना आपल्या उशीखाली लोखंड्यांचे कष्ट आहेत हे ठाऊक असेल?

हे सारे आठवण्याचे कारण असे, की २१ नोव्हेंबर २०२५ या दिवशी केंद्र सरकारने कामगारविषयक चार संहिता देशात लागू केल्या. वेतन संहिता २०१९ ची. औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि कामाच्या जागेची सुरक्षा व आरोग्य या तीन २०२० च्या. जुने एकोणतीस कायदे या चार गाठोड्यांत बांधले गेले. १९३६ चा पगार वाटपाचा, १९४८ चा किमान वेतनाचा, १९६५ चा बोनसचा आणि १९७६ चा स्त्रीपुरुषांना समान वेतनाचा, असे चार कायदे एकट्या वेतन संहितेत आले. तपशिलाचे नियम केंद्र आणि राज्य सरकारांनी आपापल्या अखत्यारीत करायचे असतात, तेव्हा ज्यांचा धंदा आहे त्यांनी आपल्या सल्लागाराला विचारूनच पाऊल टाकावे. मी सांगतो तो ढोबळ सारांश.

माझे एक स्नेही छापखाना चालवतात. पदरी बारा माणसे. संहितांची बातमी वाचून ते तावातावाने माझ्याकडे आले.

"अहो, आमच्याकडे सगळे घरच्यासारखे! कुणाच्या मुलीचे लग्न निघाले, पैसे दिले. कुणाचा बाप आजारी पडला, पैसे दिले. आता म्हणे प्रत्येकाला नेमणुकीचे पत्र द्या. वीस वर्षे ज्याच्याबरोबर डबा खाल्ला, त्याच्या हातात पत्र ठेवू?"

मी म्हटले, "ठेवा. डबा खाल्लात म्हणूनच ठेवा."

त्यांना जे सांगितले ते इथेही सांगतो. जिथे दहा किंवा अधिक कामगार आहेत, तिथे प्रत्येकाला नेमणुकीचे पत्र देणे आता मालकावर बंधनकारक आहे. आधीपासून कामावर असलेल्यांना ते मिळाले नसेल, तर संहिता लागू झाल्यापासून तीन महिन्यांची मुदत ठेवली. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत झाला पाहिजे. माणसाला काढले किंवा तो स्वतः सोडून गेला, तरी त्याचा राहिलेला पगार कामाच्या दोन दिवसांत चुकता करायचा. "पुढच्या महिन्यात ये, हिशेब बघू," ही आपली जुनी ओळ आता चालायची नाही. जादा वेळ काम घेतले तर त्याचा दर दुप्पट. उचल दिली असेल तर ती पगारातून वळती करता येते, पण सगळी कपात मिळून पगाराच्या निम्म्यावर जाता कामा नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे, 'वेतन' म्हणजे काय, हे आता एकाच व्याख्येत बसवले आहे. आजवर पुष्कळ ठिकाणी मूळ पगार लहान आणि भत्ते मोठे, अशी रीत असे. समजा, एखाद्याला वीस हजार मिळतात. त्यांत मूळ पगार सहा हजार आणि घरभाडे व प्रवासभत्ता मिळून चौदा हजार. नवी व्याख्या म्हणते, की असे भत्ते एकूण रकमेच्या निम्म्याहून अधिक झाले, तर वरचा भाग वेतनात धरायचा. इथे निम्मे म्हणजे दहा हजार. भत्ते त्याहून चार हजारांनी जास्त. ते सहा हजारांत मिळवले की वेतन झाले दहा हजार. यावर दहा वर्षांची ग्रॅच्युइटी, दर वर्षाला पंधरा दिवस आणि महिना सव्वीस दिवसांचा या हिशेबाने, सुमारे सत्तावन्न हजार सातशे होते. नुसत्या सहा हजारांवर ती सुमारे चौतीस हजार सहाशे झाली असती. या तेवीस हजारांच्या फरकात एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन होऊन जाते.

ठरावीक मुदतीच्या नोकरीवर घेतलेल्यांनाही आता ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांची अट नाही. जितकी मुदत भरली, तितक्या प्रमाणात ती द्यायची.

स्नेही म्हणाले, "म्हणजे सगळा बोजा मालकावरच!"

तसे नाही. मालकांच्या बाजूचेही पुष्कळ आहे. अनेक नोंदण्या आणि अनेक विवरणपत्रे यांऐवजी ती कमी आणि एकत्र करण्याची सोय आहे. तपासनिसाला आता सल्ला देण्याचेही काम दिले आहे, आणि कमी पगार देण्यासारखा गुन्हा नसेल तर पहिल्या खेपेला चूक सुधारायची संधी देऊन मगच खटला. मोठ्या कारखान्यांना तर मोठीच सवलत मिळाली. कामगार कमी करायला किंवा कारखाना बंद करायला पूर्वी शंभर कामगारांपासून सरकारची परवानगी लागे, ती मर्यादा आता तीनशेवर नेली. केंद्रीय कामगार संघटनांचा या संहितांना जो विरोध झाला, त्याचे एक मोठे कारण हेच. दोनशे माणसांच्या कारखान्यातल्या कामगाराला आपल्या पायाखालची एक फळी निघाल्यासारखी वाटली, तर त्याला दोष देता येणार नाही. कायदा एका हाताने देतो आणि दुसऱ्या हाताने काढतो, हे दोन्ही बाजूंनी डोळे उघडे ठेवून पाहिले पाहिजे.

पण छापखानेवाल्यांना मी जे पटवले ते वेगळेच. पगार मिळाला नाही किंवा कमी मिळाला अशी तक्रार झाली, तर तो दिला होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी वेतन संहितेने मालकावर टाकली आहे. शिवाय अशी मागणी तीन वर्षांपर्यंत करता येते. आमच्या स्नेह्यांनी आजवर हजारो रुपये अडीअडचणीला दिले. त्यांतले पगाराचे किती, उचल किती आणि मदत किती, याचा एक कागद त्यांच्याकडे नाही. उद्या मन फिरले, तर त्यांची सारी माया साक्षीला उभी राहणार नाही. एक साधी पावती मात्र उभी राहील. कागद हा अविश्वासाचा नव्हे. उलट दोन माणसांचा विश्वास उद्या दोघांच्या मुलांनाही समजावा, म्हणून तो असतो.

ते गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "पण पत्रात पगार लिहायचा म्हणजे तो आधी नीट ठरवावा लागेल." मला वाटते, सगळ्या संहितांचे सार या एका वाक्यात आले.

आता आपल्या उंबरठ्याच्या आत येऊ. गृहिणी म्हणतील, आमचा कुठे छापखाना आहे? खरे आहे, आणि कायदाही बहुतेक तसेच म्हणतो. औद्योगिक संबंध संहितेने 'उद्योग' या शब्दातून घरकाम स्पष्ट वगळले आहे. वेतन संहितेत घरगुती कामाला पाचपर्यंत माणसे ठेवणाऱ्याला नोंदवह्या आणि पगारपत्रके यांतून सूट आहे. मात्र मागणी झाली, तर पगार दिल्याचा पुरेसा पुरावा त्याने दाखवायचा आहे. सामाजिक सुरक्षा संहिता घरकाम करणाऱ्यांना असंघटित कामगारांत मोजते. कामाच्या ठिकाणी स्त्रियांचा लैंगिक छळ होऊ नये म्हणून २०१३ साली जो कायदा झाला, त्यात घरकाम करणारी बाईही आहे आणि आपले घर हे तिचे कामाचे ठिकाण आहे. महाराष्ट्राने २००८ साली घरकामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. आणि २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला सांगितले, की घरकामगारांसाठी कायद्याची चौकट असावी का, याचा विचार करायला समिती नेमा. म्हणजे कायदा दारापर्यंत आला आहे, अजून आत शिरलेला नाही.

तोवर आत कुणाचा अंमल? आपलाच. आणि तिथे तो 'घरच्यासारखी' हा शब्द फार काम करतो. बाई घरच्यासारखी, म्हणून तिला जुनी साडी. घरच्यासारखी, म्हणून पाहुणे आले की रात्री नऊपर्यंत थांबायचे. आणि घरच्यासारखी असूनही चार दिवस ताप आला, की खाडे मात्र काटेकोर कापायचे. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली, तेव्हा पुष्कळ घरांतून भांडी पडून राहिली. त्याच वेळी पुष्कळांच्या प्रथमच ध्यानात आले, की आपण मालक आहोत.

माझ्या एका मावसबहिणीच्या इमारतीतली हकिगत सांगतो. एक बाई तिथे पाच घरी काम करीत. त्यांच्या नवऱ्याला दवाखान्यात ठेवावे लागले, तेव्हा पाचही घरांनी प्रत्येकी तीन हजार काढले. पंधरा हजार रुपये! बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. घरांनाही समाधान वाटले. पण बहिणीने हिशेबाची वही काढली, तेव्हा दिसले की पाचांपैकी एकाही घराने तीन वर्षांत पगार वाढवलेला नव्हता. दर घराने महिन्याला नुसते दोनशे वाढवले असते, तर तीन वर्षांत छत्तीस हजार होतात. ते बाईंच्या स्वतःच्या कमाईचे झाले असते. त्यासाठी डोळ्यांत पाणी आणावे लागले नसते आणि कुणाचे उपकारही डोक्यावर बसले नसते. बहिणीने दुसऱ्या महिन्यापासून पगार वाढवला आणि शेजारणींनाही वही दाखवली. दोघी रागावल्या, दोघींनी वाढवला. मला वाटते, पाचांत तीन ही काही वाईट सुरुवात नव्हे.

कुणी सक्ती करीपर्यंत थांबायचे कारण नाही. एक अर्धा कागद घ्या. त्यावर कामे कोणती, वेळ किती, पगार किती व कोणत्या तारखेला, आठवड्याची सुटी कोणती, वर्षात भरपगारी रजा किती, आणि पगारवाढ कोणत्या महिन्यात, एवढे लिहा. तो बाईंना वाचून दाखवा, त्यांचे काही म्हणणे असेल ते ऐका, आणि एक प्रत त्यांच्याजवळ राहू द्या. पगार दिला की वहीत तारीख टाका. मोठ्या घरांतल्या मोठ्या बाता यापेक्षा या अर्ध्या कागदाची किंमत अधिक आहे.

पोस्त बंद करा, असे मी कदापि म्हणणार नाही. देण्याघेण्याने सणाला गोडी येते. कागदाने माया आटते अशी ज्यांना भीती वाटते, त्यांना एवढेच सांगेन, की ज्याचे देणे चुकते केले आहे त्यालाच मोकळ्या मनाने काही देता येते. तेव्हा यंदाच्या दिवाळीला पाकिटात पोस्त जरूर घाला. फक्त ते पाकीट बंद करण्यापूर्वी, आतला पगार कोणत्या साली ठरला होता, ते एकदा जुन्या डायरीत पाहा.