सोळा तळी आणि आपले दोन गुडघे

उन्हाळा सुरू झाला की माझ्या दवाखान्यात एक ठराविक प्रश्न येऊ लागतो. मुलाने किंवा मुलीने परदेशी बोलावलेले असते, अथवा सहलीचे पैसे भरून झालेले असतात. रक्तदाब मोजून होतो, औषधे लिहून होतात आणि खुर्चीवरून उठता उठता आजी किंवा आजोबा हळूच विचारतात, “डॉक्टर, मला तेवढं चालवेल ना?” गेल्या काही वर्षांत या प्रश्नाबरोबर क्रोएशियातील प्लित्वित्से सरोवरांचे नाव वरचेवर ऐकू येते. मी स्वतः तेथे एकदा जून महिन्यात जाऊन आलो आहे. म्हणून आजचे हे पान त्या एका उद्यानासाठी.

क्रोएशियाची राजधानी झाग्रेब. तेथून सुमारे १३० किलोमीटरवर, दाट अरण्याच्या कुशीत, एकाखाली एक अशी सोळा सरोवरे आहेत. १९४९ साली हा प्रदेश राष्ट्रीय उद्यान झाला आणि १९७९ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. सर्वांत वरचे सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे ६३६ मीटर उंचीवर, तर सर्वांत खालचे ५०३ मीटरवर. म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्या निम्म्याहूनही कमी उंची. लडाखसारखी विरळ हवेची भीती येथे मुळीच नाही, हे दम्याच्या आणि हृदयाच्या रुग्णांनी प्रथम ध्यानात घ्यावे.

या सरोवरांना अडवणारे बांध माणसाने बांधलेले नाहीत. चुनखडीच्या डोंगरातून येणारे पाणी कॅल्शियमने संपृक्त असते. ते उसळते, फुटते, त्यातील कर्बवायू उडून जातो आणि शेवाळावर, पडलेल्या फांद्यांवर चुन्याचा थर बसू लागतो. बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉईलवर जे पांढरे पुट चढते, तेच हे. फक्त येथे त्याने हजारो वर्षांत दगडी बांध उभे केले आणि ते आजही वाढतच आहेत. हा दगड ठिसूळ आणि शेवाळ नाजूक, म्हणून पाण्यात उतरण्यास व पोहण्यास सक्त मनाई आहे. प्रवाशाने चालायचे ते पाण्यावर उचलून धरलेल्या लाकडी वाटांवरून आणि काठाच्या पायवाटांवरून.

वैद्यकीय दृष्टीने खरा विषय या वाटांपासून सुरू होतो. लाकडाचे ओंडके चिरून ते आडवे, एकाशेजारी एक मांडलेले असतात. मध्ये फटी असतात. बऱ्याच भागांत कठडा नाही. धबधब्याचे तुषार आणि पाऊस यांमुळे लाकूड ओले व निसरडे होते. समोरून दुसऱ्या सहलीचे चाळीसजण आले की अंग चोरून उभे राहावे लागते. अधूनमधून पायऱ्याही येतात, आणि त्या आपल्या घरच्या जिन्यासारख्या एकसारख्या उंचीच्या नसतात.

पर्यटकांना पुष्कळदा सांगितले जाते की वाहनाने वर जा आणि उतरत या, म्हणजे त्रास होणार नाही. हे अर्धेच खरे आहे. चढ हृदयाला आणि फुप्फुसांना थकवतो. उतार गुडघ्यांना थकवतो. सपाट रस्त्यावर चालताना गुडघ्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण अडीच पट भार येतो, जिना उतरताना तो साडेतीन पटींच्या घरात जातो. उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूंना ताणत ताणत ब्रेक लावावा लागतो. हे काम त्यांना चढण्यापेक्षा जड जाते आणि वयोमानाने प्रथम झिजतात ते हेच स्नायू. म्हणून ज्यांना दम लागतो त्यांनी उतरणीचा मार्ग घ्यावा, हे योग्य. परंतु ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना “काय, उतारच तर आहे” असे सांगणे ही निष्काळजी सांत्वना होय.

माझ्या एक रुग्ण निवृत्त शिक्षिका आहेत, वय ७४. रक्तदाब आटोक्यात, दोन्ही गुडघ्यांत मध्यम झीज, आणि दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पडून मनगट मोडलेले. हाड जुळले, भीती मात्र जुळून आली नाही. मुलगा जर्मनीत असतो. त्याने प्लित्वित्सेचा बेत आखला तेव्हा बाई मला म्हणाल्या, “चालण्याचं नाही हो काही. मी हळू चालले की सून थांबणार, मुलगा घड्याळ बघणार. नाहीतर मला कुठेतरी बाकावर बसवून जातील. त्यापेक्षा घरीच बरी.” वाचकहो, “मला चालवेल का” या प्रश्नाच्या पोटात पुष्कळदा हाच दुसरा प्रश्न असतो. त्याचे उत्तर स्टेथोस्कोपाने सापडत नाही. अशा वेळी डॉक्टरने “नकोच जाऊ” म्हणणे फार सोपे असते; त्यात डॉक्टरचे काहीच जात नाही. मी मुलाला फोन लावण्यास सांगितले आणि आम्ही तिघांनी उद्यानाचा नकाशा समोर ठेवून बोलणे केले.

नकाशा पाहिल्यावर ध्यानात येते की हे उद्यान सर्वच्या सर्व चालून पाहण्याची सक्ती कोणावरही नाही. तिकिटातच वाहनाचा आणि विजेवर चालणाऱ्या नौकेचा प्रवास अंतर्भूत असतो. प्रवेशद्वारे दोन. मार्गांना इंग्रजी अक्षरांची नावे आहेत. लहान मार्ग साडेतीन ते पाच किलोमीटरांचे, सर्वांत लांब १८ किलोमीटरांचा. दुसऱ्या प्रवेशद्वाराकडून वाहनाने वरच्या सरोवरांच्या माथ्यावर जाता येते. तेथून रमतगमत खाली कोझ्याक या सर्वांत मोठ्या सरोवराच्या काठी यावे आणि पुढे नौका घ्यावी. वरच्या सरोवरांचा उतार एकंदरीत सौम्य आहे आणि धबधबे हाताच्या अंतरावर भेटतात. खालची चार सरोवरे मात्र चुनखडीच्या अरुंद घळीत आहेत. ७८ मीटर उंचीचा वेलिकी स्लाप, म्हणजे ‘मोठा धबधबा’, त्याच बाजूला आहे, आणि घळीत उतरले की पुन्हा वर चढणे आले. ज्यांना हे झेपणार नाही त्यांच्यासाठी पहिल्या प्रवेशद्वारापासून थोड्याच अंतरावर एक सज्जा आहे. तेथून मोठा धबधबा आणि खालची सरोवरे उभ्याउभ्या दिसतात. गुडघेदुखीच्या रुग्णाला एकच ठिकाण दाखवायचे असेल, तर मी हेच दाखवीन.

बाईंनी वरची सरोवरे घेतली. नौकेने त्या कोझ्याकच्या दुसऱ्या टोकाला पोहोचल्या. तेथे मोकळी हिरवळ, उपाहारगृह आणि स्वच्छतागृह आहे. मुलगा व सून मोठ्या धबधब्याकडे गेली आणि बाई दीड तास तेथेच थांबल्या, परंतु आधी ठरवून, स्वतःच्या इच्छेने. परत आल्यावर त्यांनी मला मोठ्या धबधब्याचे नव्हे, तर धक्क्याखालच्या नितळ पाण्यातील माशांचे वर्णन ऐकवले. एका परदेशी मुलाला माशांना पाव टाकण्यापासून त्यांनी नुसत्या नजरेने थांबवले म्हणे. चाळीस वर्षांची सवय!

सोबत जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी सविस्तर सांगतो. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्याचा खालचा भाग वाचण्यासाठी असतो. उतरताना पायांकडे पाहिले की पायरी पुसट दिसते आणि तिची खोली चुकते. अशा ज्येष्ठांसाठी केवळ दूरचा असा वेगळा चष्मा करून घ्यावा. काठीच्या टोकाला रुंद रबरी बूच असावे, नाहीतर ते दोन ओंडक्यांच्या फटीत अडकते. बूट जुनेच, सवयीचे, पण तळाची खाच न झिजलेले. उतरताना सोबत्याने एक पायरी खाली राहावे. ज्येष्ठांचा दंड आपण पकडू नये, आपला दंड वा खांदा त्यांना पकडू द्यावा. ओढला गेलेला माणूस तोल सावरू शकत नाही. वाट अरुंद झाली की ज्येष्ठ आतल्या बाजूला, आपण पाण्याकडे. आणि छायाचित्र काढताना “जरा मागे सरका” हे शब्द तोंडातून मुळीच काढू नयेत.

औषधांच्या बाबतीत एक चूक मी दर वर्षी पाहतो. वाटेवर स्वच्छतागृह नाही, म्हणून मंडळी सकाळची लघवी वाढवणारी गोळी परस्पर बंद करतात आणि पाणीही पीत नाहीत. हृदय अशक्त असलेल्या रुग्णाने ही गोळी बंद करणे धोक्याचे आहे. ती दुपारी परतल्यावर घेता येईल का, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. पाणी तोडल्याने तर रक्तदाब उतरतो आणि बाकावरून उठताच भोवळ येते. मधुमेहींपैकी जे इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतात, त्यांची साखर लांब चालण्याने एकाएकी घसरू शकते. खिशात ग्लुकोज किंवा खडीसाखर हवी, आणि ती सोबत्याच्या नव्हे, स्वतःच्या खिशात. क्रोएशियाचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. दिवसातून एकदाची गोळी तेथील सकाळी घेतली तरी सहसा बिघडत नाही, इन्सुलिनचे वेळापत्रक मात्र लिहून घ्यावे. चिठ्ठीवर औषधांची मूळ रासायनिक नावे असू द्या, आपली व्यापारी नावे तेथील औषधविक्रेत्याला समजणार नाहीत. २०२३ पासून क्रोएशिया शेंगेन क्षेत्रात आहे, तेव्हा व्हिसासाठी विमा लागतोच. त्यात जुने आजार लपवू नयेत. तातडीच्या मदतीचा क्रमांक ११२.

आता कोणी जाऊ नये? सपाटीवर चालताना छातीवर दाब येतो, अलीकडे एकाहून अधिक वेळा पडणे झाले आहे, किंवा स्मृतिभ्रंशामुळे गर्दीत गोंधळ उडतो, अशांनी या लाकडी वाटांचा हट्ट धरू नये. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जाण्यास हरकत नाही. परंतु डोक्याला मार लागल्यास, बाहेरून काही दिसले नाही तरी, लगेच रुग्णालय गाठायचे, हे सोबत्याला पाठ असावे. हिवाळ्यात बर्फामुळे काही वाटा बंद ठेवतात आणि भर उन्हाळ्यात गर्दी असह्य होते. मे, जूनचा आरंभ किंवा सप्टेंबर हा काळ ज्येष्ठांना सर्वांत सोयीचा. प्रवेशाची वेळ तिकिटावर ठरलेली असते, तेव्हा सकाळची लवकरची वेळ आधीच राखून ठेवावी.

तयारी सहा आठवडे आधी सुरू करावी. खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठून बसा आणि घड्याळ लावा. पंधरा सेकंदांहून अधिक लागत असतील तर मांडीचे स्नायू दुबळे आहेत असे समजावे. हाच व्यायाम म्हणून रोज दोनदा करावा. जिना चढण्यासाठी लिफ्ट वापरली तरी चालेल, उतरण्यासाठी मात्र कठडा धरून, गुडघा साथ देईल तेवढे मजले पायीच उतरावेत. आठवड्यातून दोनदा पाऊण तास सलग चाला, आणि तेच बूट घालून.

शेवटी दुसऱ्या दिवसाविषयी. उतरणीचे दुखणे त्याच संध्याकाळी येत नाही; चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांनी मांड्या आखडतात. सहल आखणारे नेमके त्याच दिवशी समुद्रकाठच्या जुन्या शहरातील पायऱ्या ठेवतात. तो दिवस मोकळा मागून घ्या. दोन्ही मांड्या सारख्या दुखत असतील तर गरम पाण्याचा शेक आणि विश्रांती पुरे. परंतु एकाच पोटरीला सूज, लाली आणि दाबल्यावर दुखणे असेल, विशेषतः लांब विमानप्रवासानंतर, तर तिला चोळू नका, तेल लावू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.