‘विचर’ची वाट पाहताना

आमच्या घराघरांतील तरुण मंडळी एका खेळाकडे डोळे लावून बसली आहेत. ‘द विचर ४’ हे त्याचे नाव. १२ डिसेंबर २०२४ रोजी त्याची पहिली झलक जगाला दाखविण्यात आली. पुढे मार्च २०२५ मध्ये कंपनीने स्पष्ट केले की, २०२६ साल संपण्यापूर्वी हा खेळ बाजारात येणार नाही. म्हणजे झलक आणि खेळ यांत दोन वर्षांहून अधिक अंतर. एवढ्या काळात आशा वाढते, अफवा पिकतात आणि खिसाही सैल होऊ लागतो. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिणे आम्हांस उचित वाटते.

वडीलधाऱ्या वाचकांसाठी प्रथम थोडा खुलासा करतो. अशा खेळात केवळ मारामारी करून गुण मिळवावयाचे नसतात. खेळणारा एका पात्राची भूमिका घेतो आणि विस्तीर्ण अशा काल्पनिक मुलुखात मनास येईल त्या वाटेने फिरतो. डोंगर, अरण्ये, गावे, बाजार सारे त्यास मोकळे असते. कोणाच्या मदतीस जावे, कोणाचे खरे मानावे हे त्यानेच ठरवावयाचे आणि त्या निर्णयाचे बरेवाईट फळही त्यानेच भोगावयाचे. ‘विचर’ म्हणजे मोबदला घेऊन राक्षसांचा व पिशाचांचा बंदोबस्त करणारा भटका वीर.

या वीराचा जन्म पोलंडात झाला. आंजेय सापकोव्स्की या लेखकाची पहिली विचर-कथा १९८६ साली तेथील एका मासिकात छापली गेली. १९९४ साली वॉर्सा येथे दोन तरुणांनी सीडी प्रोजेक्ट ही कंपनी काढली. प्रथम त्यांनी परदेशी खेळ आणून विकले, मग त्यांतील काही पोलिश भाषेत उतरविले, आणि २००७ साली आपल्याच लेखकाच्या कथांवर पहिला ‘विचर’ तयार केला. मे २०१५ मध्ये आलेल्या तिसऱ्या ‘विचर’च्या २०२३ पर्यंत ५ कोटी प्रती खपल्या.

या यशात आम्हांस एक गोष्ट विशेष मोलाची वाटते. त्या खेळात पोलिश खेड्यांतल्या आजीबाईंच्या गोष्टींतली भुतेखेते आहेत, सैतानाशी करार करणारा दंतकथेतला पुरुष आहे, आणि पूर्वजांच्या आत्म्यांना बोलावण्याचा एक विधीही आहे. तो विधी पाहताना आपल्या पितृपक्षाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. पोलिश बोलणारे लोक सुमारे ४ कोटी. मराठी बोलणारे २०११ च्या जनगणनेनुसार एकट्या भारतात ८ कोटींहून अधिक. वेताळ, मुंजा, हडळ यांच्या गोष्टी आपल्याकडे काही कमी नाहीत. आपल्या घरातले जुने धन जगापुढे कसे मांडावे, हे पोलंडच्या त्या तरुणांकडून शिकण्यासारखे आहे.

नव्या खेळाची नायिका सिरी ही आहे. जुन्या नायकाने लेकीप्रमाणे वाढविलेली ही मुलगी आता स्वतः तलवार घेऊन निघते. झलकेत एका गावचे लोक राक्षसाला बळी म्हणून एका तरुणीला पाठवितात. सिरी त्या राक्षसाला मारते, पण परत येऊन पाहते तो गावकऱ्यांनीच त्या तरुणीचा जीव घेतलेला! राक्षस मेला तरी भय आणि अंधश्रद्धा मरत नाहीत, हे सांगणारी ती काही मिनिटांची कथा मोठ्या माणसांनीही पाहण्याजोगी आहे.

तेव्हा उत्सुकता वाटणे स्वाभाविक आहे. परंतु उत्सुकता आणि उतावळेपणा यांत फरक आहे. याच कंपनीचा ‘सायबरपंक २०७७’ हा खेळ २०१२ साली जाहीर झाला. २०२० सालात त्याची तारीख तीनदा पुढे गेली आणि १० डिसेंबरला तो एकदाचा आला. तोपर्यंत ८० लाख लोकांनी आगाऊ मागणी नोंदविली होती. आधी परीक्षण करणाऱ्यांना केवळ संगणकावरची प्रत देण्यात आली होती. जुन्या प्लेस्टेशनवर व एक्सबॉक्सवर खेळ कसा चालतो हे कोणाला दिसलेच नाही. तेथे तो अडखळू लागला, मध्येच बंद पडू लागला. आठवडाभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढून घेतला व लोकांना पैसे परत देऊ केले. जून २०२१ मध्ये तो पुन्हा विक्रीस आला. पुढील काही वर्षांत कंपनीने त्यात मोठी सुधारणा केली, याचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. परंतु ज्यांनी थांबून तो घेतला त्यांस चांगला खेळ मिळाला, आणि ज्यांनी सर्वांआधी पैसे मोजले त्यांच्या पदरी मनस्ताप आला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, ते हेच.

या घाईची किंमत कामगारांनीही मोजली. सक्तीचे जादा काम टाळू असे कंपनीने २०१९ साली सांगितले होते, तरी २०२० च्या शरद ऋतूत तिच्या लोकांना आठवड्याचे सहा दिवस राबावे लागले. नव्या ‘विचर’वर २०२५ च्या आरंभी चारशेहून अधिक माणसे काम करीत होती. ‘लवकर आणा’ असा धोशा लावणाऱ्यांनी त्यांचीही आठवण ठेवावी. खेळ सहा महिने उशिरा आला तर आपले काही बिघडत नाही.

जून २०२५ मध्ये कोव्हिर नावाच्या थंड, डोंगराळ प्रदेशाची दृश्ये दाखविण्यात आली. गजबजलेला बाजार, बर्फाच्छादित शिखरे, सिरीची घोडी, सारेच मनोहर होते. पण हे तंत्राचे प्रात्यक्षिक आहे, प्रत्यक्ष खेळ नव्हे, असे कर्त्यांनी स्वतःच सांगितले. त्यांनी सांगितलेले आपण ऐकावे.

आमच्या तरुण वाचकांस आमचे सांगणे एवढेच. वाट जरूर पाहा, सापकोव्स्कींच्या कथा मिळाल्या तर तोवर वाचा, परंतु आगाऊ पैसे भरू नका. खेळ आल्यावर तुमच्याकडे जे यंत्र आहे त्याच यंत्रावर तो कसा चालतो हे पाहा आणि मग घ्या. आईवडिलांस सांगणे असे की, तिसरा ‘विचर’ युरोपात अठरा वर्षांवरील व्यक्तींसाठी ठरविलेला होता. तेव्हा नव्या खेळाच्या वेष्टनावरील वयाचा आकडा वाचल्याशिवाय तो लहान मुलांच्या हाती देऊ नये. मोठ्या मुलांबरोबर मात्र घटकाभर बसून ती कथा पाहावी, आणि तिथले एखादे पिशाच दिसले की आपल्या आजीने सांगितलेली एखादी गोष्ट त्यांना सांगावी.

खेळ उत्तम निघो, ही आमची मनापासून इच्छा आहे. तो उत्तम निघाला की नाही, हे मात्र तो हाती आल्यावरच म्हणू.