चार पर्याय आणि पाचवे उत्तर

गतवर्षी आपल्या मंडळाच्या कौटुंबिक स्नेहसंमेलनात सामान्यज्ञानाची जी स्पर्धा झाली, तिच्यात प्रश्नकर्त्याची भूमिका प्रस्तुत लेखकाकडे होती. दूरचित्रवाणीवरील 'कौन बनेगा करोडपती'चा थाट आम्ही शक्य तितका उभा केला होता. रंगमंचावर समोरासमोर दोन उंच खुर्च्या, मंद प्रकाश, कुणाच्या तरी मोबाइलवर लावलेले ते छातीत धडधड उठवणारे संगीत, आणि माझ्या घशातून निघेल तेवढा खर्ज. तिसऱ्या फेरीत प्रश्न निघाला, 'भारतातील पहिली स्त्री डॉक्टर कोण?' पर्याय चार होते : आनंदीबाई जोशी, कादंबिनी गांगुली, रखमाबाई आणि मुथुलक्ष्मी रेड्डी.

समोरच्या खुर्चीत अकरावीत शिकणारी एक मुलगी होती. तिने क्षणभर विचार केला आणि मला विचारले, "काका, पहिली म्हणजे पदवी मिळवणारी पहिली, की इथे रुग्ण तपासणारी पहिली?"

मी म्हणालो, "इथे प्रतिप्रश्न चालत नाहीत. चारांतले एक सांग."

तिने कादंबिनी गांगुली हे नाव सांगितले. "लॉक करू?" असे मी रीतीप्रमाणे विचारले, ती हो म्हणाली, आणि माझ्या हातातल्या कार्डावर आनंदीबाईंचे नाव असल्याने ती बाद झाली. आनंदीबाईंचे नाव उच्चारताच सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. मराठी मंडळींत तो होणारच. मुलगी मुकाट्याने खाली उतरली.

घरी आल्यावर मला झोप लागेना. कार्ड मीच लिहिले होते, आणि लिहिताना कुठलेही पुस्तक उघडले नव्हते. दुसऱ्या दिवशी उघडले. आनंदीबाईंनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. पदवी मिळवली ती मार्च १८८६ मध्ये. कलकत्ता मेडिकल कॉलेजात शिकून कादंबिनीबाई वैद्यकीय अर्हता घेऊन बाहेर पडल्या तेही वर्ष १८८६. आनंदीबाईंची कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागावर नेमणूक झाली होती. पण क्षयाने पोखरलेला देह घेऊन त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, पुण्यात निवर्तल्या. त्या नेमणुकीवर रुजू होणे त्यांच्या नशिबी नव्हते. कादंबिनीबाई १८९३ मध्ये स्कॉटलंडच्या अर्हताही घेऊन आल्या आणि १९२३ मध्ये मृत्यू येईपर्यंत रुग्णसेवा करीत राहिल्या. आणि रखमाबाई? बालपणीच्या विवाहाविरुद्ध न्यायालयात उभी राहिलेली ही मुंबईची स्त्री लंडनला जाऊन शिकली, १८९४ मध्ये अर्हता घेऊन आली आणि पुढची तीन दशके तिने सुरत व राजकोट येथे, म्हणजे आपल्या याच गुजरातेत, स्त्रियांची बाळंतपणे आणि आजार सांभाळण्यात घालवली. बडोद्यातल्या आम्हा मराठी डॉक्टरांच्या संमेलनात तिचे नाव चुकीचा पर्याय म्हणून यावे, आणि तेवढ्यापुरतेच यावे, याची मला लाज वाटली.

आता कुणी म्हणेल, एवढ्या खोलात कशाला जायचे? खेळच तर आहे. मान्य आहे. तीन स्त्रियांचे तीन संपूर्ण आयुष्यक्रम एका 'पहिली' या शब्दात कोंबले गेले, तरी कुणाचे काही बिघडत नाही. परंतु त्या मुलीने जो प्रश्न केला, तो आपण रोज आपल्या दवाखान्यात करायला हवा असा प्रश्न होता : तुम्ही नेमके काय विचारत आहात? आणि मी, एक डॉक्टर, तिला म्हणालो की चारांतले एक सांग.

मूळ कार्यक्रमाविषयी माझ्या मनात आकस नाही, उलट आदरच आहे. ब्रिटनमध्ये सप्टेंबर १९९८ मध्ये सुरू झालेला 'हू वॉन्ट्स टु बी अ मिलियनेअर' ३ जुलै २००० रोजी हिंदी रूपात आपल्या घरात आला, तेव्हा रात्री नऊ वाजता रस्ते ओस पडत असत. त्याच वर्षी मुंबईचा हर्षवर्धन नवाथे हा स्पर्धापरीक्षांचा अभ्यास करणारा तरुण पहिला करोडपती झाला. आपल्या अनेक घरांत पोरांना 'वाचत जा रे' हे सांगायला त्यामुळे एक सबळ आधार मिळाला. नवाथेंचा शेवटचा प्रश्न राज्यघटनेविषयीचा होता. संसदेच्या कामकाजात भाग घेण्याची मुभा घटनेने कुणाला दिली आहे, याचे महान्यायवादी हे उत्तर केवळ पाठांतराने सापडणारे नव्हे.

मात्र या खेळाच्या नियमांत दोन वेगवेगळ्या शिकवणी आहेत, हे आपल्या फारसे लक्षात आलेले नाही. एक म्हणजे चार पर्याय आणि 'लॉक किया जाए'. दुसरी म्हणजे थांबण्याची आणि विचारण्याची मुभा. २००० सालच्या नियमांनुसार पन्नास लाखांवर पोहोचलेल्या स्पर्धकाने एक कोटीच्या प्रश्नाचे चुकीचे उत्तर दिले, तर तो थेट तीन लाख वीस हजारांवर घसरत असे. आंधळेपणाने उत्तर ठोकणाऱ्याची सरासरी कमाई काढली, तर ती साडेसत्तावीस लाखांच्या आसपास येते. गप्प बसून उठणाऱ्याला पन्नास लाख मिळतात. म्हणजे 'मला ठाऊक नाही' या कबुलीची किंमत त्या खेळाने रोख मोजून दिली होती. अमरावती जिल्ह्यातील बबिता ताडे यांची आठवण पुष्कळांना असेल. शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवणारी ही बाई २०१९ मध्ये एक कोटीपर्यंत गेली आणि सात कोटींच्या प्रश्नापाशी थांबली. मिळवलेले ज्ञान आणि न मिळालेले ज्ञान यांमधली रेषा तिला स्पष्ट दिसत होती. तिच्या कोटीपेक्षा तिच्या त्या थांबण्याचे मला अधिक कौतुक वाटते.

आपल्या मुलांना वैद्यकीय शिक्षणात घेताना आपण काय करतो ते पाहा. 'नीट' परीक्षेत बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा आणि कोऱ्या सोडलेल्या प्रश्नाला शून्य. आता हिशेब करा. चार पर्यायांपैकी काहीही माहीत नसताना डोळे मिटून एकावर बोट ठेवले, तर चार वेळांत सरासरी एकदा चार गुण मिळतात आणि तीनदा एकेक गुण जातो. चार प्रश्नांत एक गुण नफा! वीस प्रश्न असे ठोकले तर सरासरीने पाच गुण पदरात, आणि जिथे एकेका गुणावर शेकडो मुले पुढेमागे होतात, तिथे पाच गुण म्हणजे केवढी गोष्ट. ज्या मुलाने प्रामाणिकपणे 'मला येत नाही' म्हणून प्रश्न कोरा सोडला, तो मागे राहिला. करमणुकीच्या कार्यक्रमाने जी कबुली पन्नास लाखांना विकत घेतली, तिला डॉक्टर निवडणाऱ्या परीक्षेत शून्य किंमत आहे. पुढे पदव्युत्तर प्रवेशालाही पुन्हा तेच चार पर्याय. मग आपल्या तरुण सहकाऱ्यांना रुग्ण समोर बसताच निदान 'लॉक' करण्याची घाई झाली, तर दोष केवळ त्यांचा कसा म्हणावा? आपल्या पिढीने दीर्घोत्तरी प्रश्न लिहिले होते, आणि तरीही ही घाई आपल्यातही आहे, हे मी माझ्यावरूनच सांगतो.

मित्राला फोन करण्याचेही तसेच. स्पर्धक सर्वांसमक्ष सांगतो की मला येत नाही, मी अमक्याला विचारतो. आपणही विचारतो, पण आतल्या खोलीत जाऊन, दार लोटून, वर्गमित्राला फोन करतो किंवा मोबाइलवर शोधतो, आणि बाहेर येऊन जणू कालच पाठ केले होते अशा खात्रीने सांगतो. ब्रिटनमध्ये २००१ साली चार्ल्स इन्ग्रम नावाच्या मेजरला बरोबर पर्यायावर कुणीतरी खोकून इशारा दिल्याचा आरोप झाला आणि २००३ मध्ये ते सर्व दोषी ठरले. (खोकणाऱ्या गृहस्थांनी आपल्याला ॲलर्जी असल्याचे सांगितले होते, खोकल्याच्या निदानावर न्यायालयात एवढी चर्चा बहुधा पुन्हा झाली नसेल.) उघड विचारले असते तर तीच मदत नियमांत बसली असती. रुग्णासमोर फोन उचलून "हृदयरोगाच्या आमच्या डॉक्टरांना विचारतो हं" असे म्हणणारे एक ज्येष्ठ सहकारी मी तरुणपणी पाहिले आहेत. त्यांच्या दवाखान्यातली गर्दी त्याने कधी कमी झाली नाही.

आणि प्रेक्षकांचा कौल? जेम्स सुरोविकी यांनी २००४ च्या 'द विझ्डम ऑफ क्राउड्स' या पुस्तकात या खेळाच्या अमेरिकन आवृत्तीचे आकडे दिले आहेत : फोनवरील जाणकार मित्र ६५ टक्के वेळा बरोबर, तर सभागृहातील सामान्य प्रेक्षक ९१ टक्के वेळा. ज्यांना माहीत नसते त्यांची मते चारही पर्यायांत विखुरतात, आणि थोड्या जाणत्यांची मते पारडे झुकवतात. परंतु सर्वांचीच समजूत एकाच दिशेने चुकलेली असेल तर? मानवी पेशीत ४८ गुणसूत्रे असतात असे १९२३ पासून सर्वत्र शिकवले जाई. टियो आणि लेव्हान यांनी १९५६ मध्ये ती ४६ असल्याचे प्रसिद्ध केले. मधल्या तेहतीस वर्षांत कुणी प्रश्नमंजूषा घेतली असती, तर ४६ म्हणणारा बाद झाला असता आणि प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. जठरव्रणाचे तेच. चिंता आणि आम्लता ही उत्तरे आमच्या पिढीच्या बहुतेकांनी परीक्षेत लिहिली आणि गुण घेतले. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे वॉरन आणि मार्शल सूक्ष्मजंतूकडे बोट दाखवीत होते, आणि १९८४ मध्ये मार्शल यांनी ते जंतू स्वतः पिऊन दाखवले. नोबेल मिळायला २००५ साल उजाडले. आपण लिहिलेल्या उत्तरांचे गुण कुणी परत मागितले नाहीत, हे आपले भाग्य.

तेव्हा मंडळाच्या कार्यकारिणीपुढे माझ्या काही सूचना आहेत. पुढील संमेलनात स्पर्धा जरूर घ्यावी, खुर्च्या आणि संगीतही असू द्यावे, मुलांना ते आवडते. मात्र प्रत्येक प्रश्नाला पाचवा पर्याय असावा, 'ठाऊक नाही', आणि त्याला थोडेतरी गुण असावेत. चुकीच्या उत्तराला मात्र नसावेत. स्पर्धकाला एकदा तरी प्रश्नकर्त्यालाच प्रश्न विचारण्याची मुभा द्यावी, आणि प्रश्नकर्त्याला उत्तर देता आले नाही तर ते गुण स्पर्धकाचे. प्रश्न लिहिणाऱ्याने कार्डामागे आधार कोणता तेही लिहावे. निदान एक फेरी बिनपर्यायी असावी, म्हणजे आनंदीबाईंविषयी, कादंबिनीबाईंविषयी आणि आपल्या सुरतेच्या रखमाबाईंविषयी कुणाला चार वाक्ये बोलता येतील.

प्रश्नकर्त्याच्या खुर्चीवर यंदा मी बसणार नाही. ती खुर्ची, तिची तयारी असल्यास, गतवर्षी तिसऱ्या फेरीत बाद झालेल्या त्या मुलीला द्यावी. तिचे आईवडील आपले सभासद आहेत आणि हा अंक त्यांच्या घरी जाईलच. तिचे त्या फेरीचे दहा गुण माझ्याकडे बाकी आहेत, एवढे त्यांनी तिला माझ्यातर्फे सांगावे.